सात षटकारांची ताकद आली कुठून?

28 नोव्हेंबर 2022. अहमदाबादेत विजय हजारे करंडकाचा उपांत्यपूर्व सामना, महाराष्ट्र विरुद्ध उत्तर प्रदेश, 49वं षटक. डावखुरा फिरकीपटू शिवा सिंग चेंडू टाकतो आणि चिंचवडशेजारच्या थेरगावात, वेंगसरकर अकादमीत घडलेला ऋतुराज गायकवाड तो सीमेपार धाडतो. पुन्हा. पुन्हा. पाचवा चेंडू नो-बॉल, त्यावरही षटकार! एका षटकात सात षटकार, 43 धावा.

ऋतुराज काही पहिलवानी अंगाचा नाही. वेगवान गोलंदाजाचा चेंडू निदान स्वतःचा वेग घेऊन येतो. फिरकीत तोही फारसा नसतो. मग एवढी ताकद येते कुठून? दंडातून?

नाही, जमिनीतून! फलंदाज पाय रोवून जमीन रेटतो, जमीन त्याला उलट रेटते. आधी कंबर वळते. खांदे अजून मागेच असतात, त्यामुळे पोटापाठीचे स्नायू ताणले जातात. मग खांदे सुटतात, मग हात, सगळ्यात शेवटी मनगटं. आणि गंमत पाहा, कंबर आपला वेग पुढे सोपवते आणि स्वतः मंदावते. खांदेही तेच करतात. अवजड भागाचा वेग हलक्या भागाकडे सरकत जातो आणि बॅटचं टोक सर्वांत जोरात फिरतं. 

आता खरा चमत्कार. चेंडू आणि बॅट एकमेकांना चिकटून असतात जेमतेम एक हजारांश सेकंद. 160 ग्रॅमचा चेंडू ताशी 80 किलोमीटरने आला आणि 120 ने परत गेला असं धरा. तेवढ्या क्षणात त्याच्यावर सरासरी जोर पडतो सुमारे 900 किलो वजनाइतका. चाकणच्या रस्त्यावर धावणाऱ्या एखाद्या छोट्या मोटारीचा भार म्हणा ना!

हा जोर हातांनी लावलेला असतो का? मुळीच नाही. टक्कर होताच बॅटमधून कंप मुठीकडे धावतो. तो मुठीपर्यंत जाऊन परत येईतो चेंडू निघून गेलेला असतो! म्हणजे ऐन टकरीच्या क्षणी मूठ सैल सोडली, तरी चेंडू जवळजवळ तितकाच लांब जाईल. हातांचं काम त्याआधीच संपलेलं असतं: बॅटला वेग देणं आणि तिचा नेमका पट्टा चेंडूसमोर आणणं. टोकापासून वीतभर आत असलेल्या या पट्ट्यावर चेंडू बसला, तर बॅट फारशी थरथरत नाही आणि ऊर्जा वाया न जाता चेंडूला मिळते. थोडा इकडेतिकडे लागला, की हाताला झिणझिण्या आणि झेल सीमारेषेच्या आत.

फिरकीचा चेंडू टप्पा पडून वळतो. बॅट एकदा वेगात खाली सुटली, की तिला वळवायला वेळच उरत नाही. म्हणजे पट्टा कुठे न्यायचा, हे चेंडू बॅटपाशी पोहोचण्याआधीच ठरवावं लागतं. ऋतुराजनं ते लागोपाठ सात वेळा अचूक ठरवलं.