दुभंगलेले चित्र

हिंगोली, वसमत वा कळमनुरी येथून संगणकावरील खेळ थेट प्रक्षेपित करणाऱ्या तरुणास वेगवान दृश्यात चित्र आडवे चिरलेले दिसले, तर त्याचा ठपका इंटरनेटवर ठेवू नये. कारण ६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदास ६० वेळा, वरून खाली, ओळीओळीने चित्र रेखाटीत असता ग्राफिक्स कार्डाने मध्येच नवी फ्रेम हवाली केली, म्हणजे वरचा भाग जुना व खालचा नवा असा विसंवाद उद्भवतो. प्रथम प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग तपासावे: ते निर्दोष असेल, तर कसूर पडद्याच्या मेळात आहे, आणि तेथे व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम पडद्याच्या आवर्तनाशी जुळवणारी सोय, चालू करणे इष्ट; रेकॉर्डिंगही दुभंगलेले असेल, तर ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण पडद्याऐवजी केवळ खेळाचेच चित्र घ्यावे. व्ही-सिंकमुळे कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंत किंचित विलंब वाढतो, एवढे मात्र ध्यानी असावे.