मेमरीची पट्टी घेताना

मुलांचा अभ्यास, विजेची बिलं, यांचा हिशेब, सगळं एकाच लॅपटॉपवर! तो रखडू लागला की दुकानदार म्हणतो, 'बाई, नवा घ्या.' थांबा हं. पुष्कळदा ४ जीबीची मेमरी ८ केली तरी भागतं.

ब्लाउजपीस घ्यायला आपण साडी नेतो ना, तसा लॅपटॉपच सोबत न्या. समोर उघडायला लावा. काही पातळ लॅपटॉपांत मेमरी आतच पक्की डाखलेली असते. मग बोलणंच खुंटलं. पट्टी निघाली तर तिच्यावरची अक्षरं वाचा. डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५, प्रत्येकीची खाच निराळ्या जागी; एकीच्या घरात दुसरी बसत नाही, दाबून तर मुळीच बसवू देऊ नका. डीडीआर-३ मध्ये आणखी एक गोम आहे. साधी १.५ व्होल्टची, 'एल'वाली १.३५ची. जुनीवर 'एल' असेल तर नवीही तीच मागा.

वेगाचं मात्र फारसं मनावर घेऊ नका. दोन पट्ट्या बहुधा हळू असलेलीच्याच चालीनं चालतात, तेव्हा जादा वेगाचे पैसे कशाला? आणि विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची भर फुकट.

पावतीवर पट्टीचा प्रकार लिहून घ्या, 'न चालल्यास बदलून देऊ' हेही.