रेषेच्या बाहेरचा गडी

पहाटे 5.10. कळंब आणि नारायणगावच्या मधली एक वाडी. आंबेगाव तालुका संपत आलेला, पुढे जुन्नर. जानेवारीची थंडी. सर गोठ्यात आहेत. सगळी वाडी त्यांना सरच म्हणते, पण ते कुठल्याही शाळेत नोकरीला नाहीत. त्यांना उकिडवं बसता येत नाही, म्हणून उलट्या बादलीवर बसून धार काढतात. उजव्या गुडघ्याची शीर चौदा वर्षांपूर्वी तुटली. तोवर ते कबड्डीत डावे कोपरारक्षक होते. घोट्याची पकड ही त्यांची खासियत. दहा मिनिटांत किटली भरते. डेअरीवर फॅट लागते 3.8. पावती खिशात.

6.30. उजाडल्याशिवाय मुलांनी मैदानावर यायचं नाही, हा नियम. चारी बाजूंनी ऊस आहे. मैदान म्हणजे देवळामागची मोकळी जागा. सर आधी फावड्यानं माती सैल करतात, मग खडे वेचतात. एक खडा राहिला तरी कुणाचा तरी कोपर सोलतो. मग पाण्याचा हलका शिपका. जास्त झालं तर पाय घसरतो, कमी झालं तर धूळ नाकात जाते आणि दम तुटतो.

आखणीला टेप नाही, सुतळी आहे. तिला गाठी मारलेल्या. पहिली गाठ पावणेचार मीटरवर, ती निदान रेषा. पुढं एक मीटरवर दुसरी, ती बोनसची. साडेसहा मीटरवर अंतिम रेषा. दोन्ही बाजू मिळून 13 मीटर, रुंदी 10. सुतळीवरून फक्की सोडत सर मागं मागं सरकतात. अख्खं मैदान आखायला पंचवीस मिनिटं लागतात. संध्याकाळपर्यंत सगळं पुसलं जातं. उद्या पुन्हा.

7.00. बारा मुलं, सात मुली. आधी धावणं, मग बैठका, मग दम. मॅट नाही. पकडीच्या सरावाला गोठ्यातल्या चार रबरी मॅट घासून, धुऊन अंथरल्यात. त्यांना अजून शेणाचा वास येतो. पोरांना त्याचं काही नाही.

"त्याच्या डोळ्याकडं काय बघतो? डोळा फसवतो. कंबर बघ, कंबर. कंबर वळली की पाय येणार."

मुलगा पुन्हा फसतो. सर स्वतः कोपऱ्यात उभे राहतात. चढाई करणारा पाय टाकतो आणि क्षणभर सरांचे दोन्ही हात खाली झेपावतात, पण गुडघा जमिनीला टेकायच्या आत ते थांबतात. मुलगा मध्यरेषेपार निघून जातो. कुणी हसत नाही. सर म्हणतात, "इथं मी थांबलो. तू थांबू नको." मी त्या सकाळी पाहिलेली सगळ्यात चांगली शिकवणी ती होती.

8.15. पशुखाद्याचं दुकान. सरकी पेंडीची पोती मोजायच्या काट्यावर मुलं एकेक करून चढतात. किशोर गटाला 55 किलोची मर्यादा आहे. काल एकाचा काटा 55.6 दाखवत होता, आज 55.4. त्याची आई दुकानाशी येऊन थांबलेली.

"सर, पोरगं काल रात्री जेवलं नाही."

"ताई, भाकरी द्या त्याला. भात नि गोड तेवढं बंद करा. उपाशी पोराला मी मैदानात घेत नाही."

दुकानदार काट्याचे पैसे घेत नाही. तो मध्यरक्षक होता. सरांच्याच संघात.

9.15 ते 4.00. द्राक्षाची शेड. जम्बो जातीची काळी द्राक्षं, घड कात्रीनं साफ करून खोक्यात. सरांचं काम खोकी उचलून गाडीत थप्पी लावायचं. हजेरी 600 रुपये. दुपारी अर्धा तास सुट्टी. डबा संपवून ते पत्र्याच्या सावलीत पाय लांब करतात आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवतात. बर्फ शेडमधलाच. मालकानं आजवर त्याबद्दल विचारलेलं नाही.

4.30. पुन्हा मैदान. एक मुलगा मेस्सीच्या दहा नंबरी जर्सीत आलाय, नारायणगावच्या बाजारातून दोनशेला घेतलेली. सर विचारतात, "पुणेरी पलटणनं 2024 ला प्रो कबड्डी जिंकली तेव्हा कप्तान कोण?" सगळे एका सुरात, "अस्लम इनामदार!" तो तर आपल्याच शेजारचा. आळेफाट्याहून नगरच्या रस्त्याला लागलं की टाकळी ढोकेश्वर, ते त्याचं गाव. "आणि सर कोण होते?" गप्प. बी. सी. रमेश. तेही आधी भारताकडून खेळलेले. "बरं, ह्या मेस्सीचे सर कोण?" पुन्हा गप्प. मी सांगितलं, लिओनेल स्कालोनी. 2006 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या संघात होते. 2018 ला तोच संघ हाती आला, तेव्हा मोठ्यांचा एकही संघ त्यांनी सांभाळलेला नव्हता. 2022 ला कतारमध्ये विश्वचषक जिंकला. सरांनी नाव दोनदा म्हणून घेतलं. मग शिट्टी वाजवली.

सामन्यात ते रेषेबाहेर चालत राहतात. कोपऱ्यातल्या गड्याला फक्त समोरचा पाय दिसायचा, आता सातही जण दिसतात, असं ते म्हणाले. डाव्या बाजूच्या संघात तिघेच उरले की बोटं वर करतात: अव्वल पकड, दोन गुण. कुणी पाहतं, कुणी नाही. ओरडत मात्र नाहीत.

5.45. शिट्टी. सामना अर्धवट. उजेड अजून आहे, पण मुलांना वस्तीवर पोचायचंय. वाट उसाच्या कडेनं जाते आणि या पट्ट्यात बिबट्या ही ऐकीव गोष्ट नाही. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र या पोरांनी सहलीत पाहिलंय आणि बिबट्या घरामागंही पाहिलाय. तीन-तीनच्या टोळीनं, मोठ्यानं बोलत जायचं. लांबच्या वस्तीवरच्या दोन मुलींना सर स्वतः मोटारसायकलवर सोडतात. रोजचं अर्धा लिटर पेट्रोल.

7.30. धार काढून झाली. सर ओट्यावर बसून एकेका घरी फोन लावतात. पोचला का? पोचली का? एकोणीस फोन. त्यानंतरच जेवण.

9.00. शाळेची जुनी वही. हजर 19. फक्की 60 रुपये, क्रेप पट्टी 110, पेट्रोल 52. रविवारच्या स्पर्धेची प्रवेश फी 500, अजून भरायची आहे. जमेच्या रकान्यात आज काही नाही. शेवटच्या ओळीत सकाळच्या मुलाचं नाव, आणि पुढं, 55.4.