समुद्राचा ताप कोण मोजतो?

एप्रिल उजाडला की एल निनोची बातमी येते. प्रशांत महासागर तापतोय, यंदा पाऊस कमी पडणार का, असा मथळा आणि खाली लाल-पिवळा नकाशा. बातमीच्या मुळाशी बहुधा एकच आकडा असतो, ०.६ किंवा १.२ असा काहीतरी. बियाण्यांची खरेदी, धरणातल्या पाण्याचे नियोजन, डाळींची आयात अशा कितीतरी निर्णयांवर या आकड्याची सावली पडते. तो येतो कुठून, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

तो येतो नकाशावरच्या एका चौकोनातून. विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला पाच-पाच अंश आणि पश्चिम रेखांश १७० ते १२० यांच्या दरम्यानच्या या पट्ट्याला ‘निनो ३.४’ म्हणतात. तिथल्या पाण्याचे तापमान त्या महिन्याच्या दीर्घकालीन सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे, तेवढेच पाहायचे. तीन महिन्यांची सरासरी अर्ध्या अंशाने वर गेली आणि काही महिने तशीच राहिली, तर एल निनो. अर्ध्या अंशाने खाली गेली, तर ला निना. अमेरिकेचे हवामान अंदाज केंद्र दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी याचे टिपण काढते. भारतीय हवामान विभागाच्या पुण्यातील कार्यालयातूनही दरमहा असे पत्रक निघते.

अर्ध्या अंशाने काय होते, असे कुणालाही वाटेल. एरवी पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे प्रशांत महासागराचे उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलत असतात. ढग आणि पाऊसही तिकडेच. वारे मंदावले की हे पाणी मागे, पूर्वेकडे सरकते आणि त्याच्यामागे ढगांची वस्तीही हलते. मग आपल्या बाजूला हवा वर चढण्याऐवजी खाली उतरू लागते आणि पावसाला जोर राहत नाही. महासागर एवढा विस्तीर्ण आहे की अर्धा अंश म्हणजे अफाट उष्णता असते.

एवढा सूक्ष्म फरक मोजायचा, तर तापमापक विश्वासाचा हवा. इथेच खरी अडचण आहे. एकेकाळी जहाजावरून दोर सोडून बादलीने पाणी काढायचे आणि त्यात तापमापक बुडवायचा, अशी रीत होती. आधी लाकडी बादल्या होत्या, मग कॅनव्हासच्या आल्या. जुन्या काळी प्रवासात पाण्याची छागल टांगलेली असे, ती ज्यांना आठवते त्यांच्या लक्षात येईल: कापडातून पाणी पाझरते, बाष्पीभवन होते आणि आतले पाणी गार पडते. बादलीतला समुद्रही तसाच गार पडे. पुढे इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवले जाऊ लागले. ते थोडे जास्त भरे. शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदींचा मेळ घालताना कोणत्या जहाजावर कोणती बादली होती, इथपर्यंत शास्त्रज्ञांना जावे लागते.

उपग्रह आल्यावर हा प्रश्न सुटला असे वाटले. १९८२ने ते खोटे ठरवले. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यातल्या गंधकयुक्त वायूपासून तयार झालेले धुके वातावरणात उंचावर पसरले आणि वरून पाहणाऱ्या उपग्रहांना खालचा समुद्र आहे त्याहून गार दिसू लागला. जहाजांकडून गरम पाण्याच्या नोंदी येत होत्या; पण त्या इतक्या वेगळ्या होत्या, की चुका गाळण्यासाठी बसवलेल्या संगणकीय चाळणीने त्या बाजूला टाकल्या. शतकातल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी एक समोर घडत होती आणि ऑक्टोबर उजाडला तरी तज्ज्ञ तिला ओळखत नव्हते. त्या वर्षी भारतात पावसाने ओढ दिली. पेरू आणि इक्वेडोरच्या किनाऱ्यावर महापूर आले. फेब्रुवारी १९८३मध्ये दुष्काळाने सुकलेल्या आग्नेय ऑस्ट्रेलियात वणवे पेटले आणि ७५ जण मरण पावले.

या फजितीतून ‘ताओ’ ही बोयांची साखळी उभी राहिली. दहा वर्षे खपून १९९४च्या अखेरीस ती पूर्ण झाली. विषुववृत्ताच्या आजूबाजूला, चार-पाच किलोमीटर खोल समुद्रात नांगरलेले सुमारे सत्तर बोये. प्रत्येकाखाली लोंबणाऱ्या तारेवर ५०० मीटर खोलीपर्यंत संवेदक, वर वारा मोजणारी यंत्रे आणि नोंदी उपग्रहामार्फत किनाऱ्यावर. खोलीवर नजर ठेवणे महत्त्वाचे, कारण पृष्ठभाग तापण्याच्या कितीतरी आधी उबदार पाण्याची लाट खालून पूर्वेकडे निघालेली असते. महासागर ओलांडायला तिला दोन-तीन महिने लागतात. ती दिसली, की तेवढी आगाऊ सूचना मिळते. १९९७चा एल निनो याच साखळीने घडत असताना जवळजवळ रोजच्या रोज टिपला.

पण खाऱ्या पाण्यात ठेवलेले यंत्र आपोआप चालत नाही. तरंगत्या वस्तूखाली मासे जमतात, माशांमागे मच्छीमार नौका येतात, तारा तुटतात, यंत्रे गायब होतात. वर्षातून एकदा तरी जहाजाने जाऊन डागडुजी करावी लागते. २०१२मध्ये अमेरिकेने खर्चकपातीत या कामाचे खास जहाज निवृत्त केले. २०१४च्या सुरुवातीस साखळीतून येणारी माहिती जवळपास ४० टक्क्यांवर घसरली होती. आणि नेमके त्याच वसंतात मोठ्या एल निनोचे भाकीत केले जात होते. ते त्या वर्षी खरे ठरले नाही. एल निनो २०१५मध्ये आला. त्याला कारण फक्त बंद पडलेले बोये होते असे म्हणता येणार नाही, पण गरज होती तेव्हाच अर्धा तापमापक बंद होता, हे खरे. ओरड झाल्यावर भाड्याची जहाजे पाठवून साखळी पुन्हा सावरण्यात आली.

आता जोडीला आर्गो फ्लोट आहेत. माणसाच्या उंचीची ही सुमारे चार हजार नळकांडी जगभरच्या समुद्रांत हजार मीटर खोलीवर वाहत असतात. दर दहा दिवसांनी ती दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात, वर येताना तापमान आणि क्षारता नोंदवतात आणि पृष्ठभागावरून उपग्रहाला निरोप पाठवून पुन्हा खाली जातात. या जाळ्यात हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रही आहे. माणसाच्या कारभारामुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रात जाते, हे अशाच नोंदींमुळे ठामपणे सांगता येते.

या उष्णतेमुळे त्या एका आकड्यातही गुंतागुंत झाली आहे. सगळाच समुद्र तापत असेल, तर एक चौकोन अर्ध्या अंशाने गरम असण्यात विशेष ते काय? म्हणून सरासरीचा तीस वर्षांचा काळ पुढे सरकवत न्यावा लागतो. काही ठिकाणी आता उरलेल्या उष्णकटिबंधाच्या तुलनेत हा चौकोन किती गरम, असेही मोजतात.

आकडा अचूक असला तरी पाऊस त्याचे ऐकतोच असे नाही. १९९७मध्ये एल निनो शतकातला सर्वांत तीव्र होता. भारतात मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. २००२मध्ये एल निनो मध्यम होता. पाऊस ८१ टक्क्यांवर अडकला आणि जुलै तर देशभर कोरडाच गेला. २०१४मध्ये एल निनो रीतसर जाहीर होण्याआधीच पावसात १२ टक्क्यांची तूट पडली होती. प्रशांत महासागरापलीकडेही बरेच काही घडत असते. हिंद महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा गरम असला, म्हणजे ‘द्विध्रुव’ आपल्या बाजूचा असला, तर एल निनोचा फटका सौम्य होऊ शकतो. २०१९च्या ११० टक्के पावसात त्याचा हात होता. हा समुद्र मोजण्यासाठीही बोयांची साखळी आहे, तिचे नाव ‘रामा’. मच्छीमारीचा उपद्रव तिलाही होतो.

एप्रिलमधल्या मथळ्याबाबत आणखी एक गोष्ट. मार्च ते मे या काळात प्रशांत महासागर दोलायमान असतो आणि याच महिन्यांत केलेले अंदाज सर्वांत जास्त चुकतात. पुढे काय होणार हे जूनपासून स्पष्ट होऊ लागते. तोपर्यंत आपल्याकडे पेरणीची घाई सुरू झालेली असते. भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये पहिला अंदाज देतो आणि मेच्या अखेरीस तो सुधारतो. या दोन्हींच्या मधल्या आठवड्यांत समुद्राकडून जी माहिती येते, तीच त्या सुधारणेचा आधार असते.