आनंदमेळ्यांतील रोपांचें दुकान

वऱ्हाडांतील शाळांचें स्नेहसंमेलन बहुधा डिसेंबर-जानेवारींत भरतें आणि त्याच्या जोडीला आनंदमेळाही असतो. मुलें भेळ, चिवडा, सरबत विकतात. ग्रंथालयासाठीं किंवा खेळांच्या साहित्यासाठीं चार पैसे जमतात. या रांगेंत रोपांचें एक दुकान असावें ही कल्पना सुटसुटीत व अल्प भांडवलाची आहे. परंतु भेळ आदल्या घटकेस तयार होते, रोप होत नाहीं. म्हणून या दुकानाचा आरंभ दोन-अडीच महिने अगोदर करावा लागतो.

अमरावती जिल्ह्यास रोपांचा व्यापार नवा नाहीं. वरूड तालुक्यांतील शेंदूरजनाघाट हें गांव संत्र्याच्या कलमांसाठीं प्रसिद्ध आहे. पण तेथें आधीं जंभेरीचें बीं पेरून रोप वाढवावें लागतें, मग त्यावर संत्र्याचा डोळा भरावयाचा. कलम विक्रीस येईपर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो. शाळेला इतकी सवड नसते. तिनें शीघ्र वाढणारीं आणि मुलांच्या हातून सहसा न बिघडणारीं झाडेंच निवडलीं पाहिजेत.

अशा झाडांचे दोन वर्ग करतां येतात. पहिला वर्ग बियांचा. अळीव दोन-तीन दिवसांत व मेथी तीन-चार दिवसांत उगवते; पसरट भांड्यांत पेरलेली मेथी महिन्याभरांत खुडण्याजोगी होते. कोथिंबिरीस आठ-दहा दिवस लागतात. धणे हलके रगडून त्यांचे दोन भाग केले म्हणजे उगवण बरी होते. झेंडू आठवड्याच्या आंत उगवतो, तीन-चार आठवड्यांनीं पिशवींत लावण्याजोगा होतो आणि पुढें महिन्याभरानें कळ्या धरूं लागतो. म्हणून डिसेंबरअखेरच्या मेळ्यासाठीं त्याचें बीं ऑक्टोबराच्या मध्यास पडलें पाहिजे. तुळशीची वाढ थंडींत मंदावते. ती सप्टेंबरांतच पेरलेली बरी. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठामुळें बियाण्यांविषयीं सल्ला जवळच मिळूं शकतो.

दुसरा वर्ग फांद्यांचा व फुटव्यांचा. पुदिना आणि पानओवा यांच्या बोटभर फांद्या ओल्या मातींत खोंचल्या कीं दोन-तीन आठवड्यांत मुळें धरतात. गवती चहाचें जुनें बेट फोडून, कोरफडीचीं पिलें वेगळीं करून लावावीं. पानफुटीचें तर नुसतें पान मातीवर ठेविलें तरी त्याच्या कडेस नवीं रोपें फुटतात. या वर्गास विकतचें बीं लागत नाहीं. घरोघरच्या परसांतून भांडवल गोळा होतें.

माती मात्र जपून घ्यावी. वऱ्हाडची काळी जमीन कपाशीला माउली असली, तरी पिशवींत ती भिजली कीं फुगून चिकट होते आणि सुकली कीं भेगाळते. कोवळ्या मुळांना हवा मिळत नाहीं. तींत समभाग वाळू आणि समभाग चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. ताज्या शेणाच्या उष्णतेनें मुळें पोळतात. पिशवीच्या बुडाशीं भोंकें असावीं व पाणी सकाळीं बेतानें घालावें. रोज पाणी घालण्याचा उत्साह हाच बहुधा रोपांचा काळ ठरतो; सदा ओल्या मातींत बुरशी वाढून रोपें बुंध्याशीं कोलमडतात. सावलींत वाढलेलें रोप विक्रीपूर्वीं आठवडाभर क्रमाक्रमानें उन्हाला सरावलेलें असावें. एरवीं गिऱ्हाइकाच्या अंगणांत तें दोन दिवसांत मान टाकतें.

आतां हिशेब. शंभर रोपें विकावयाचीं असतील तर सव्वाशें पिशव्या भराव्या. समजा, त्यांस पांचशें रुपये खर्च आला. दर पिशवीस चार रुपये, असें मुलें झटकन् सांगतील. परंतु पंचवीस रोपें मेलीं तर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रोपाची खरी किंमत पांच रुपये होते. मेलेल्या रोपांचा खर्च जगलेल्यांवर पडतो, हें व्यापाराचें मूळ तत्त्व पाटीवरच्या गणितापेक्षां येथें लवकर उमगतें.

शाळेनें मुलांच्या श्रमावर किती कमवावें, हा प्रश्न या भागांत पूर्वींच चर्चिला गेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. हस्तोद्योगाच्या उत्पन्नांतून शिक्षकांचें वेतन हळूहळू भागावें, असा विचार तींत पुढें आला. योजनेचा तपशील ठरविणाऱ्या झाकिर हुसेन समितीनें मात्र आपल्या अहवालांत एक धोका स्पष्ट नोंदविला: उत्पन्नावर भर देतां देतां शिक्षणाचा हेतु मागें पडूं नये.

रोपांच्या दुकानाला हीच कसोटी लावावी. बाजारांतून तयार रोपें आणून चढ्या भावानें विकलीं तर गल्ला अधिक भरेल, पण मुलांच्या पदरीं कांहींच पडणार नाहीं. उलट, प्रत्येक पिशवीला झाडाचें नांव, उन्हाची गरज व पाण्याचें प्रमाण लिहिलेली चिठ्ठी मुलांनीं बांधली, तर विकणारा व घेणारा दोघेही शिकतात. पैसा एका दिवसांत मोजून होतो. परंतु फेब्रुवारींत एखाद्या घरच्या ओट्यावर तो पुदिना हिरवागार असेल, तर पुढल्या वर्षीं त्याच घरचें माणूस या दुकानाशीं पुन्हा येऊन उभें राहील.