आठवड्याचा संकल्प

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात १९४३ च्या सुमारास वेस मॉन्टगोमेरी नावाचा एक तरुण राहत असे. त्याचे वय वीस वर्षांचे होते. एके दिवशी चार्ली क्रिश्चन या वादकाच्या गिटारची ध्वनिमुद्रिका त्याच्या ऐकण्यात आली. त्या वादनाने तो अगदी भारावून गेला. त्याने सहा तारांची, विजेवर चालणारी गिटार विकत आणली आणि तो शिकू लागला. शिकविण्यास गुरू नव्हता. स्वरलिपीही त्याला वाचता येत नव्हती. तो ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा लावी, एकेक स्वरपंक्ती कानांनी टिपून घेई आणि ती बोटांत बसेपर्यंत वाजवीत राही.

रात्रीच्या त्या आवाजाने शेजारी त्रासले. तेव्हा वेसने तार छेडण्याची नखी बाजूला ठेवली आणि तो अंगठ्याने वाजवू लागला. आवाज मऊ झाला, शेजारी शांत झाले आणि साधना मात्र अखंड चालू राहिली. पुढे तोच मृदू, भरीव नाद त्याच्या वादनाची ओळख ठरला.

काही काळाने एका क्लबात त्याला वादनाचे काम मिळाले. क्रिश्चनने वाजविलेल्या स्वरपंक्ती तो तेथे जशाच्या तशा वाजवी. त्या संपल्या की, गिटार खाली ठेवून तो स्वस्थ बसे. कारण त्यापलीकडचे त्याला काही येतच नव्हते! हे ऐकून हसू येईल. परंतु नीट विचार केला तर त्यात एक मोठी गोष्ट दडलेली दिसेल. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे त्या तरुणाला नेमके ठाऊक होते. साधनेचा आरंभ अशा जाणिवेपासूनच होतो.

जॅझ हे संगीत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये उदयास आले. १९३० नंतरच्या दशकात ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही वाजू लागले. मुंबईच्या अशा वाद्यवृंदांत पुढे गोव्याच्या अनेक वादकांनी नाव मिळविले. या संगीतात कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे समूह, ठरावीक क्रमाने येतात. ब्लूज नावाच्या प्रकारात असा क्रम बहुधा बारा मात्राखंडांचा असतो. प्रत्येक खंडात चार मात्रा असतात. बारा खंड संपले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ होतो. आपल्याकडे तबल्याच्या ठेक्याची आवर्तने फिरत राहतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. वादकाला या आवर्तनाचे भान राखून त्यावर आयत्या वेळी नवी स्वररचना करावयाची असते.

नव्या विद्यार्थ्याची खरी अडचण येथेच होते. डाव्या हाताची बोटे तारांवर योग्य जागी पडली पाहिजेत, उजव्या हाताची लय सुटता कामा नये, कोणती कॉर्ड चालू आहे याचे स्मरण हवे आणि त्यातच नवीन काही सुचावयास हवे. हे सारे एकदम साधू पाहणारा विद्यार्थी गोंधळून जातो आणि थोड्याच दिवसांत त्याची गिटार भिंतीवर धूळ खात पडते.

म्हणून मोठ्या कामाचे लहान लहान तुकडे करावे लागतात. “मी उत्तम गिटारवादक होईन,” ही इच्छा झाली. तिला संकल्प म्हणता येत नाही. ती पुरी झाली की नाही, हे कशावरून ठरवावयाचे? याउलट, “या आठवड्यात ब्लूजचे पहिले चार खंड मी मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत, न चुकता, लागोपाठ तीन वेळा वाजवीन,” हा संकल्प झाला. त्यात काय वाजवावयाचे, किती लयीत आणि केव्हापर्यंत, हे तिन्ही सांगितले आहे. शनिवारी तो साधला की नाही, हे लहान मूलही सांगू शकेल.

लय मोजण्यासाठी मेट्रोनोम नावाचे यंत्र वापरतात. त्यात आकडा लावला की तितक्या मात्रा ते दर मिनिटाला टकटक करून दाखविते. ६० मात्रांच्या लयीत बारा खंडांचे एक आवर्तन ४८ सेकंदांत पुरे होते. १२० च्या लयीत त्याला २४ सेकंदच लागतात. विद्यार्थ्याला घाई असते ती त्या चोवीस सेकंदांची. पण घाईने वाजविताना झालेली चूक पुन्हापुन्हा होऊ लागली, तर तीच बोटांच्या अंगवळणी पडते आणि पुढे ती काढणे कठीण जाते. यासाठी आधी ६० ची लय पक्की करावी, मग ६४ ची, मग ६८ ची. सहज चढता येणाऱ्या पायऱ्या थोड्याशाच उंच असतात. एखाद्या आठवड्यात संकल्प साधला नाही, तर निराश न होता तो थोडा लहान करावा. चार खंड जमत नसतील तर दोन घ्यावेत.

संकल्प आपल्या हाताच्या मापाचा असावा, हेही महत्त्वाचे आहे. जँगो राइनहार्ट हा प्रसिद्ध गिटारवादक १९१० मध्ये बेल्जियममध्ये जन्मला. अठराव्या वर्षी, १९२८ मध्ये, त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. तीत त्याचा डावा हात भाजला आणि त्या हाताची शेवटची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. पूर्वीसारखे वाजविणे आता शक्य नव्हते. मग उरलेल्या बोटांनी काय साधेल, याचा शोध त्याने घेतला आणि आपली नवी पद्धती घडविली. अंथरुणावर असताना त्याला गिटार आणून दिली ती त्याचा भाऊ जोसेफ याने. १९३४ मध्ये पॅरिस येथे जँगोचा वाद्यसंघ उभा राहिला. त्यात जोसेफही भावाला साथ करू लागला.

येथे साधनेचे दुसरे अंग दिसते. संकल्प मनात ठेवला तर तो मोडल्याचे कोणालाच कळत नाही. आपल्यालाही आपण सहज फसवू शकतो. तोच एखाद्या सोबत्याला सांगितला की त्याला साक्षीदार मिळतो. दोन शिकणारे मुलगे असतील, तर दोघांनी आपापला संकल्प वहीत लिहावा आणि ठरलेल्या दिवशी एकमेकांसमोर वाजवून दाखवावा. ऐकणाऱ्याने उगीच वाहवा करू नये आणि टिंगलही करू नये. “तिसऱ्या खंडात लय सुटली,” एवढे प्रामाणिकपणे सांगितले तरी मोठे काम होते.

मात्र सांगण्यात एक धोकाही आहे. “मी यंदा पन्नास गाणी बसविणार,” असे चारचौघांत म्हटले की लोक लगेच कौतुक करतात. काम होण्याआधीच कौतुक पदरात पडले की मन तृप्त होते आणि हात थंडावतात. म्हणून संकल्प सांगताना तो वाजवून दाखविण्याचा दिवसही सांगावा. सांगितलेल्या शब्दाला वाजविलेल्या स्वराचा आधार हवा.

जॅझच्या मंडळींत ही प्रथा जुनीच आहे. न्यूयॉर्कमधील मिंटन्स प्लेहाउस येथे १९४१ च्या सुमारास रात्री उशिरा वादक एकत्र जमत आणि एकमेकांच्या साथीने वाजवीत. त्यांत चार्ली क्रिश्चनही असे. आपल्या साधनेत काय पक्के आणि काय कच्चे, हे तेथे चार जाणत्या कानांपुढे उघड होई. क्षयाने १९४२ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्रिश्चन मरण पावला. पण त्याच्या मुद्रिकांवरून शिकणारा तरुण दूर इंडियानापोलिसमध्ये गिटार घेऊन बसला होता.

तो तरुण उसन्या स्वरपंक्तींवरच थांबला नाही. पुढे कुटुंबाच्या पोषणासाठी तो दिवसा कारखान्यात काम करी आणि रात्री गिटार वाजवी. मंक आणि बडी हे त्याचे भाऊही वादक होते. त्यांच्याबरोबरही तो वाजवीत असे. १९६० मध्ये निघालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेने त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. १९६८ मध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. एके काळी चार स्वरपंक्ती संपताच स्वस्थ बसणाऱ्या या वादकाची गिटार ऐकून आज जगभरातील विद्यार्थी शिकतात. आणि त्यांनाही आरंभ एकेका स्वरपंक्तीपासूनच करावा लागतो.

स्वाध्याय
१. क्लबात वाजविताना वेस मध्येच स्वस्थ का बसत असे?
२. इच्छा आणि संकल्प यांतील फरक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. संकल्प दुसऱ्यास सांगण्यात कोणता लाभ व कोणता धोका आहे?
४. तुम्ही शिकत असलेल्या एखाद्या विद्येसाठी या आठवड्याचा संकल्प लिहा व तो मित्राला दाखवा.