गाडीवरच्या गोल गोल रेघोट्या: बफिंग मशीन लावण्याआधी एवढं वाचा

ऊसबिल जमा झालं, दोन-चार वर्षं साठवलेले पैसे त्यात घातले आणि दारात काळी चकचकीत गाडी आली. वर्षभर रोज सकाळी फडका मारला. मग एक दिवस भर उन्हात बॉनेटकडे बघितलं, तर कोळ्यानं जाळं विणावं तशा बारीक गोल रेघोट्या! सावलीत काहीच दिसत नाही, उन्हात सगळं दिसतं. कुणीतरी सांगतं, "रबिंग मारून घे, नव्यासारखी होईल." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. चुकीच्या मशीननं किंवा चुकीच्या हातानं रबिंग झालं तर रेघोट्यांसोबत रंगही जातो आणि मग तो भाग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज राहत नाही.

या रेघोट्या नेमक्या कशाच्या?

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चमक या थराची असते आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवण्याचं कामही तोच करतो. आपल्या रेघोट्या याच थरावर पडलेल्या असतात.

त्या गोल दिसतात, पण खरं तर गोल नसतात. बारीक सरळ ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात. सूर्याचा किंवा बल्बचा उजेड पडला की त्याच्याभोवती आडवे आलेले ओरखडेच तेवढे चमकतात, म्हणून उजेडाभोवती गोल जाळं दिसतं. काळ्या आणि गडद रंगावर ते जास्त उठून दिसतं. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे असतात, फक्त लवकर नजरेत येत नाहीत.

आपल्याकडे त्या जास्त का पडतात?

कारण एकच, धुळीवर कोरडा फडका. धूळ म्हणजे बारीक खडे. फडक्याखाली ते घासले की रेघ पडणारच. आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडं तांबडी माती. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींच्या आसपास लोखंडाचे बारीक कण. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की जवळच्या गावांत बगॅसची काळी राख. जोतिबाच्या चैत्र यात्रेहून आलं की गाडीवर गुलाल. खंडेनवमीला पूजा झाली की हळद-कुंकू. हे सगळं आपण कोरड्या फडक्यानं पुसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेल्या गाड्यांवर गाळ बसला होता. असा गाळ सुकल्यावर घासला तर तो पॉलिश पेपरसारखंच काम करतो.

नदीवर गाडी धुताना खाली पडलेला फडका तसाच उचलून मारणं, बादलीतल्या त्याच गढूळ पाण्यात फडका पुन्हा पुन्हा बुडवणं, कडक ब्रश वापरणं, यानंही हेच होतं.

क्लिअर कोट म्हणजे बँकेतली ठेव

हा भाग नीट समजून घ्या, कारण खरी मेख इथंच आहे. १ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. कंपनीतून येणाऱ्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ.

मशीननं रेघोट्या काढताना रेघ भरली जात नाही. रेघेच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून रेघेच्या तळापर्यंत खाली आणला जातो. पृष्ठभाग सपाट झाला की रेघ दिसेनाशी होते. हलक्या पॉलिशला १-२ मायक्रॉन जातात, कडक कंपाउंडला त्याहून जास्त. ही ठेव काढता येते, पण पुन्हा भरता येत नाही. दर दसऱ्याला कडक रबिंग मारत राहिलात तर काही वर्षांत क्लिअर कोट इतका पातळ होतो की उन्हानं तो पांढरट पडतो आणि पापुद्रे निघायला लागतात.

तीन मशीन, तीन वेगळे स्वभाव

पहिलं म्हणजे ग्राइंडर. वेल्डिंगच्या दुकानातल्या ४ इंची ग्राइंडरला पॅड लावून बफिंग करणारे बरेच दिसतात. हे मशीन मिनिटाला १०-११ हजार फेरे मारतं. रंग क्षणात तापतो आणि जळतो. पॅड सुटून अंगावर उडण्याचाही धोका आहे. गाडीजवळ ग्राइंडर येऊच देऊ नका.

दुसरं रोटरी पॉलिशर. हे एकाच मध्याभोवती फिरतं, वेग साधारण ६०० ते ३००० फेरे. काम झटपट होतं, पण हात मुरलेला लागतो. एका जागी थांबलं की रंग तापतो. नवख्या हातानं किंवा लोकरीच्या पॅडनं काम करून तसंच सोडलं तर उन्हात वेगळ्याच लाटा दिसतात.

तिसरं ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए पॉलिशर. याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय डुलतोही. उष्णता कमी तयार होते आणि जास्त दाबलं तर पॅडचं फिरणंच थांबतं. वेळ जास्त लागतो, पण नवख्यासाठी हेच सुरक्षित. घरी करायचं असेल तर फक्त हेच घ्या.

काम कसं करायचं?

१) गाडी सावलीत लावा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी भरपूर पाण्यानं धूळ काढा, मग शाम्पूनं धुवा. हात फिरवल्यावर खरखर लागली तर साबणाचं पाणी मारून क्ले बार हळू फिरवा. चिकटलेले लोखंडाचे कण आणि डांबराचे ठिपके त्यानं निघतात.

२) दाराच्या कडा, बॉनेटच्या धारा, रबर आणि काळं प्लास्टिक यांवर पेंटरची कागदी चिकटपट्टी लावा. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो, पहिल्यांदा तिथंच उडतो.

३) आधी २ बाय २ फुटांच्या एकाच जागेवर करून बघा. सुरुवात मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशनं. रेघा गेल्या तर तेवढंच पुरे. नाही गेल्या तरच एक पायरी कडक पॅड किंवा कंपाउंड घ्या.

४) पॅडवर हरभऱ्याएवढे ३-४ थेंब घ्या. मशीन रंगावर टेकवूनच चालू करा, नाहीतर सगळं अंगावर उडेल. आधी कमी वेगात पसरा, मग डायल ४-५ वर. सेकंदाला इंचभर इतक्या सावकाश चालीनं, आधी आडवं मग उभं फिरवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा आला पाहिजे. दाब थोडाच द्या. अधूनमधून हात लावून बघा, पत्रा चटका देत असेल तर थांबा.

५) मायक्रोफायबर कापडानं पुसा. पॅड ब्रशनं साफ करत राहा, कारण भरलेला पॅड नवीन रेघा पाडतो. शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावा.

लाईटचं मशीन आहे, म्हणून ओली फरशी नको, अर्थिंग नीट पाहिजे, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क लावा.

कुठं मशीन लावूच नये?

नख आडवं फिरवा. रेघेत नख अडकत असेल तर ती खोल आहे. तिच्यामागं लागलात तर रंग उघडा पडेल, तिथं टचअप बरा. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश लावूच नका. मॅटपणा जाऊन चकचकीत डाग पडतो आणि तो परत येत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर उष्णता साठून राहते, तिथं हात हलका ठेवा. एखादा भाग आधी रंगवलेला असेल तर किती थर आहे हे आधी पेंटरला विचारा. काही ट्रॅक्टर आणि जुन्या जीपगाड्यांवर क्लिअर कोट नसतो. पॉलिश करताना कापडाला लाल-निळा रंग लागला तर घाबरू नका, पण प्रत्येक वेळी तो रंगच कमी होतोय हे लक्षात ठेवा.

दुकानात देताय? हे विचारा

मशीन कोणतं? रंगाची जाडी मोजणारं मीटर आहे का? आधी छोट्या जागेवर करून दाखवाल का? याची सरळ उत्तरं मिळाली तर माणूस जाणकार समजा.

आणखी एक गोष्ट. काही पॉलिशमध्ये तेल आणि भराव असतो. रेघा फक्त झाकल्या जातात आणि दोन-चार धुण्यांत परत दिसतात. काम झाल्यावर, वॅक्स लावण्याआधी, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून त्या जागेवर पुसायला सांगा. मग उन्हात नाहीतर मोबाइलच्या टॉर्चनं बघा. तरीही रेघा दिसल्या नाहीत तर काम खरं.

पुन्हा पडू नयेत म्हणून

कोरडा फडका बंद. हे एक केलंत तरी निम्मं काम झालं. धूळ असो, गुलाल असो, आधी पाण्याची धार. दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडका खळबळायला साधं पाणी. वरून खाली धुवा. खालच्या पट्ट्याला आणि चाकांना वेगळा फडका ठेवा. बोअरचं क्षाराचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका, मऊ मायक्रोफायबर कापडानं टिपून घ्या. फडका जमिनीवर पडला की तो गाडीसाठी बाद.

सावलीत अजिबात न दिसणाऱ्या एक-दोन रेघांसाठी क्लिअर कोट घालवू नका, त्या राहू द्या. गाडी दहा-बारा वर्षं वापरायची असेल तर ही ठेव जपून खर्च करायला हवी. म्हणून येत्या दसऱ्याला रबिंगवाल्याकडं जाण्याआधी दोन बादल्या आणि दोन चांगली कापडं घ्या. खर्चही कमी आणि रंगही शाबूत.